आधी भरतीचं वेळापत्रक, मग दुर्बीण

पक्षी पाहायचे तर पहाटे उठावं, हा जंगलातला नियम. समुद्रकाठी तो चालत नाही. चिखल उघडा पडला की मध्यरात्रीही चरायचं आणि पाण्याखाली गेला की भरदुपारीसुद्धा एका पायावर उभं राहून डुलकी काढायची, हा इथल्या पक्ष्यांचा शिरस्ता. त्यांचा दिवस ठरवते ती भरती-ओहोटी. म्हणून जामनगरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात जायचं, तर आधी भरतीचं वेळापत्रक पाहावं आणि मग गाडीचं तिकीट काढावं.

कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे उद्यान १९८२ साली जाहीर झालं. देशातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. बेटं, प्रवाळ, तिवरांची राई आणि नजर पोचेल तिथवर चिखल, असा इथला मुलूख. जामनगरहून साधारण ६० किलोमीटरवर, वाडीनारजवळ नरारा आहे. तिथे वनखात्याचं शुल्क भरून, वाटाड्याला सोबत घेऊन ओहोटीच्या वेळी चक्क समुद्राच्या तळावर चालता येतं. स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम.

कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीसाठी तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब अर्थात कोकणपट्टीचा. कच्छच्या आखातात भरतीचं पाणी आत पोचायला वेळ लागतो, म्हणून तिथे स्थानिक वेळापत्रकच पाहिलेलं बरं. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप आत येतं आणि तितकंच लांब जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा हा फरक कमी.

नराराला बहुतेक मंडळी ऐन ओहोटीला पोचतात. प्रवाळ, ऑक्टोपस, तारामासे पाहायला ती वेळ योग्यच. पक्षी मात्र तेव्हा लांब पाण्याच्या कडेला पांगलेले असतात आणि दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. त्यांच्या मागे चिखल तुडवत जाण्यात अर्थ नाही. पाणी चढू लागलं की वाटाड्याचं ऐकून वेळेवर माघारी यावं आणि काठावर एका जागी स्वस्थ उभं राहावं. चिखलाची पट्टी अरुंद होत जाते, तसे पक्षीच तुमच्याकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-तीन तास सोन्यासारखे. त्यात हा किनारा बहुतांशी उत्तराभिमुख. हिवाळ्यातलं ऊन पाठीमागून येतं आणि पिसांचे रंग स्वच्छ दिसतात. कोकणात संध्याकाळी सूर्य नेमका डोळ्यांवर येतो, तो त्रास इथे नाही.

पक्षी जवळ आले की आधी चोची पाहाव्यात. एकाच चिखलात इतके पक्षी भांडणाशिवाय कसे जेवतात, याचं उत्तर चोचींत आहे. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो नजरेनं शिकार करतो, चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो. तुतवाराचा भरवसा स्पर्शावर. चोचीच्या टोकाशी संवेदनशील खळगे असतात, त्यामुळे न दिसणारा किडाही कळतो. कोरलची लांब, खाली वळलेली चोच खोल बिळापर्यंत जाते. कालवफोड्या शिंपल्यांच्या फटीत चोच घालून ती उघडतो किंवा सरळ ठोकून फोडतो. प्रत्येकाचं ताट वेगळ्या खोलीवर मांडलेलं असतं.

या सगळ्यांत लोक लांबून येतात ते क्रॅब प्लोव्हरसाठी. पांढरा-काळा, उंच निळसर पायांचा, जाड काळ्या चोचीचा हा पक्षी आपल्या कुळात एकटाच. खेकडा दिसला की धावत जाऊन तो चोचीनं घाव घालतो. मोठा असला तर झटकून-आपटून त्याच्या नांग्या मोकळ्या करतो, लहान असला तर अख्खाच गिळतो. याची वीण मुख्यतः इराणचं आखात, ओमान आणि तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यांवर होते. किनारी पक्ष्यांमध्ये सहसा न आढळणारी गोष्ट म्हणजे तो वाळूत बीळ खणून त्यात एकच पांढरं अंडं घालतो. पिल्लू सुरुवातीचे दिवस बिळातच राहतं, आईबाप त्याला भरवतात. हा लाड उडता येऊ लागल्यावरही सुटत नाही. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरसुद्धा करड्या पाठीचं, जवळजवळ आईएवढं झालेलं पिल्लू तिच्यामागे किरकिरत फिरताना दिसतं.

भरती पूर्ण झाली की हे सारे पक्षी जातात कुठे? उंचवट्यावर, वाळूच्या दांड्यावर, मिठागरात. जामनगरजवळच्या खिजडियाचं महत्त्व इथे कळतं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून नवानगर संस्थानानं १९२०च्या सुमारास इथे बांध घातला. तेव्हा गादीवर होते ते जाम रणजितसिंहजी, म्हणजे क्रिकेटवाले रणजी. बांधाच्या एका अंगाला गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला खारं. शेतीसाठी केलेली ही सोय पक्ष्यांनाही मानवली. तिरंदाज, क्रौंच, रोहित, सगळे इथे एकाच फेरीत भेटतात. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ही जागा आल्याचं २०२२ साली जाहीर झालं.

इकडे ठाणे खाडीतले रोहितही भरती-ओहोटीच्या याच चक्राला बांधलेले. ओहोटीला खाडीतला चिखल, भरतीला नवी मुंबईतली तळी. म्हणूनच विसाव्याच्या थव्यावर फोटोसाठी धावून जाऊ नये. उठवलेला पक्षी पुढच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी जाळतो. आणि नुसता चिखल राखून भागत नाही. भरतीचे चार-पाच तास उभं राहायला कोरडी किंवा उथळ जागा उरली नाही, तर ओहोटीच्या भरल्या ताटापर्यंत पोचायला पक्षी तिथे थांबणारच नाहीत. नकाशावर उद्यानाची हद्द आखताना ही दुसरी जागा अनेकदा रेषेबाहेर पडते. तिला ‘पडीक जमीन’ म्हणणाऱ्यानं एकदा भरतीच्या वेळी तिथे जाऊन यावं.