खोक्यावरचे जीबी, हातातले जीबी

2013 साली सॅमसंगचा गॅलेक्सी एस4 आला. त्याच्या 16 जीबीच्या फोनमध्ये ग्राहकाच्या वाट्याला जेमतेम निम्मी जागा येत होती. ब्रिटनच्या ‘विच?’ या ग्राहक संस्थेनं मोजली, तेव्हा ती 8.56 जीबी भरली. यातला थोडा फरक मोजणीचा. कंपन्या 1 जीबी म्हणजे सरळ 100 कोटी बाइट धरत. तेव्हाचे फोन 1,07,37,41,824 धरत. पण त्यानं सात टक्क्यांचा हिशेब लागतो, निम्म्याचा नाही. बाकीची जागा अँड्रॉइडनं, त्यावर कंपनीनं चढवलेल्या साजानं आणि कुणी न मागितलेल्या अॅप्सनी खाल्ली होती.

महागड्या फोनवाल्याला हे नुसतं खटकलं. स्वस्त फोनवाल्याची मात्र पुरती कोंडी झाली. सप्टेंबर 2014 मध्ये गुगलनं भारतात अँड्रॉइड वनचे फोन आणले. किंमत 6,399 रुपयांपासून, स्टोरेज 4 जीबी. त्यांचं सॉफ्टवेअर तरी सुटसुटीत होतं. इतर स्वस्त फोनांत खेळ, खरेदीची आणि बातम्यांची अॅप्स आधीच ठाण मांडून बसलेली असत. व्हॉट्सअॅपवर लग्नाचे फोटो आले की ‘स्टोरेज फुल’. मग माणसं काय पुसत? स्वतःचे फोटो. कारण कंपनीचं अॅप निघतच नसे.

ते का निघत नाही, हे पाहण्यासारखं आहे. अशा अॅपच्या पानावर ‘अनइंस्टॉल करा’ऐवजी ‘बंद करा’ एवढंच बटण असतं. ते दाबलं की चिन्ह दिसेनासं होतं, नंतरचे अपडेट काढता येतात. पण मूळ प्रत फोनच्या सिस्टिम विभागात राहते. तिथे वापरणाऱ्याला हात घालता येत नाही. म्हणजे अॅप दिसत नाही, जागा मात्र परत मिळत नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत ही अडवणूक मला अन्यायाची वाटते. बिस्किटाच्या पुड्यावर कागद वगळून निव्वळ वजन छापावं लागतं. फोनच्या खोक्यावर वापरता येणारी जागा तितक्याच ठळकपणे का नको?

उलट आकडे आणखी फुगले. 2021 पासून स्टोरेजचाच तुकडा उसना घेऊन ‘8+8’ रॅमच्या जाहिराती सुरू झाल्या.

दक्षिण कोरियानं मात्र 2014 मध्येच अनावश्यक अॅप्स काढता यावीत म्हणून मार्गदर्शक नियम केले. 2015 मध्ये शांघायच्या ग्राहक आयोगानं सॅमसंग आणि ओप्पोला कोर्टात खेचलं. ओप्पोच्या एका फोनमध्ये 71 अॅप्स आधीच भरलेली निघाली होती. जुलै 2017 पासून चीनमध्ये अशी अॅप्स काढू देण्याबद्दल नियमच लागू झाला. आपल्याकडे स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला 1,337.76 कोटींचा दंड ठोठावला आणि गुगलची आधीच भरलेली अॅप्स काढू द्या, असंही बजावलं. मार्च 2023 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण अॅप्स काढू देण्याचा निर्देश रद्द केला. ग्राहकाच्या रोजच्या उपयोगाचं होतं, नेमकं तेच गळालं.

मग नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागानंच नव्या फोनांत ‘संचार साथी’ हे सरकारी अॅप आधीपासून घालण्याचा आदेश काढला. गोपनीयतेवरून गदारोळ झाला, तो व्हायलाच हवा होता. 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. कंपन्यांनी भरलेली न निघणारी अॅप्स मात्र त्या गदारोळात कुणाच्या तोंडी फारशी आली नाहीत.