खोडदच्या तबकड्या आणि गच्चीवरचा गंज

मोबाइलचा मनोरा 900च्या जुन्या पट्ट्यात आपल्या फोनशी बोलतो तो 935 ते 960 मेगाहर्ट्झवर. सुमारे पाच अब्ज वर्षांपूर्वी दूरच्या दीर्घिकांमधून निघालेल्या हायड्रोजनच्या लहरी आज पृथ्वीवर पोचतात, त्याही नेमक्या याच पट्ट्यात. दोघांची गाठ पडते पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, आणि तिथे दरवेळी मनोराच जिंकतो.

खोडदची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, नारायणगावपासून जवळच आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यातल्या 14 मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात दाटीने, उरलेल्या 16 तीन भुजांवर, 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. तबकडी म्हटले तरी ती भरीव नाही. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी दोरखंडांवर ताणून बसवलेली आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त झाला; लांब रेडिओ लहरींना मात्र तीच जाळी आरशासारखी वाटते. ही युक्ती प्रा. गोविंद स्वरूप (1929–2020) यांची. उटीची दुर्बीण 1970 मध्ये उभी केलेला हा माणूस इथे जागा शोधत आला तो शांतता पाहून. भोवती डोंगरांची आडभिंत, पुणे हाताशी, आणि रेडिओ गोंगाट कमी. 4 ऑक्टोबर 2001 रोजी रतन टाटांच्या हस्ते दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. तोवर देशात मोबाइल येऊन सहा वर्षे झाली होती.

हायड्रोजनची मूळ लहर 1420 मेगाहर्ट्झची. 1400 ते 1427 हा पट्टा जगभर राखीव आहे, तिथे कोणीही प्रक्षेपण करायचे नाही. पण विश्व प्रसरण पावत असल्याने दीर्घिका जितकी दूर, तितकी तिची लहर ताणली जाऊन खाली उतरते. 2023 च्या जानेवारीत अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी जीएमआरटीने टिपलेला हायड्रोजन जाहीर केला, तो आपल्यापर्यंत यायला जवळजवळ नऊ अब्ज वर्षे लागली होती आणि सापडला 620 मेगाहर्ट्झच्या आसपास. राखीव कुंपणाच्या पार बाहेर! अशा लहरींसाठी कोणता पट्टा राखणार? सगळाच राखावा लागेल, आणि तो कोणी देणार नाही.

म्हणून जीएमआरटीने 900च्या भागावर सरळ पाणी सोडले आहे. नूतनीकरणानंतर तिचा एक ग्राहक (रिसीव्हर) 550 ते 850 पर्यंत ऐकतो, पुढचा हजाराच्या वर सुरू होतो. मधली फट मोबाइलची. शिवाय ग्राहकाच्या तोंडाशीच या लहरी अडवणारे फिल्टर बसवले आहेत, कारण नुसते कान झाकून भागत नाही: जोरदार सिग्नल आत शिरला की प्रवर्धक तुंबतो आणि नसलेल्याच लहरी स्वतः निर्माण करू लागतो. वेधशाळेची स्वतःची संगणकयंत्रेही याच भीतीने धातूच्या बंदिस्त खोल्यांत ठेवलेली आहेत. भोवतालच्या वीजतारांचा वेगळाच ताप. खांबावरचा क्लॅम्प सैल झाला की ठिणगी उडते, 50 हर्ट्झच्या प्रवाहात दर दहा मिलिसेकंदांनी एकदा, आणि पडद्यावर तसेच ठोके उमटतात. त्यावर सॉफ्टवेअरची चाळणी आहे, पण खरा इलाज खांबावर चढून पाना फिरवण्याचा.

आणि इथेच खोडदची गोष्ट आपल्या सोसायटीच्या गच्चीवर येते. गच्चीवरच्या अँटेनातून समजा 935 आणि 960 या दोन लहरी एकदम निघाल्या. समोर गंजका पत्रा, सैल नट किंवा जुना जीआय पाइप असेल, तर गंजलेला सांधा दोन्ही लहरींचे मिश्रण करून तिसरी तयार करतो. 935 ची दुप्पट 1870. त्यातून 960 वजा करा, उरले 910. फोनकडून मनोऱ्याकडे येणारी वाट 890 ते 915 ची आहे. म्हणजे मनोऱ्याने स्वतःच्याच आवाजाने स्वतःचे कान बंद केले. आपल्या फोनवर पाचही दांड्या दिसतात, तरी बोलणे तुटते. कोकणपट्टीत आणि मुंबईत खारी हवा, त्यात गळती थांबवायला गच्चीवर घातलेले पत्र्याचे शेड. गंजाला आणखी काय हवे?

हा दोष शोधणारे तंत्रज्ञ प्रत्येकी 20 वॅटच्या दोन लहरी केबलमध्ये सोडतात आणि रबरी हातोडीने एकेक जोड ठोकत जातात. ठोकल्यावर त्या तिसऱ्या लहरीचा आकडा उसळला की तोच जोड बिघडलेला. तो उघडायचा, पुसायचा आणि टॉर्क पान्याने ठरल्या मापाचाच आवळायचा. ‘हाताला घट्ट लागतंय’ हा आपला लाडका मापदंड इथे कुचकामी. अँटेनासमोरचे गंजके लोखंड हटवायचे आणि तिचे तोंड थोडे खाली झुकवायचे, म्हणजे लहरी हव्या त्या वस्तीवर पडतात, दुसऱ्याच्या हद्दीत सांडत नाहीत. सिग्नल वाढवायला परवान्याशिवाय लावलेले स्वस्त बूस्टर तर आधी काढायला हवेत. एक बिघडलेला बूस्टर आसपासच्या मनोऱ्यांना बहिरे करतो, आणि ते बेकायदा आहेच.

मनोरे कमी करा, असे खोडदसाठी म्हणणे सोपे आहे.  पण नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या कित्येक पाड्यांत माणूस अजूनही सिग्नलसाठी टेकाडावर चढतो. त्याला ही मागणी ऐकवली तर तो हसेल, आणि बरोबरच हसेल. पुणे-नाशिक जलद रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मार्ग जीएमआरटीला बाधा नको म्हणून बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली, तेव्हा तिथल्या लोकांचा संतापही खोटा नव्हता. पण रेल्वेला पर्यायी वाट आखता येते, तबकड्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. माझे मत तबकड्यांच्या बाजूने आहे. त्याची किंमत एकट्या जुन्नरकराने मोजावी, हे मात्र मला पटत नाही.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीला, खोडदला शाळकरी मुलांची झुंबड उडते. येत्या वर्षी आपणही जा, आणि आत शिरण्यापूर्वी फोन पूर्ण बंद करा.