जिल्ह्याचे नभोवाणी केंद्र आणि जुनी गाणी

छोट्या गावांतील नभोवाणी केंद्रांवरून लागणारी जुनी गाणी हा सहसा स्मरणरंजनाचा विषय मानला जातो. परंतु कोणते गाणे ‘जुने’ म्हणून टिकले आणि कोणते विरून गेले, हे श्रोत्यांच्या आवडीइतकेच ध्वनिमुद्रणाच्या तंत्राने आणि प्रसारणाच्या धोरणाने ठरवले आहे.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. त्यामुळे रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत लांबणारे नाट्यपद तिच्यावर आटोपशीर झाले, तर भावगीत, म्हणजे मोजक्या साथीवर एका गायकाने गायिलेली आत्मपर कविता, त्याच मर्यादेत वाढले. केंद्रांच्या संग्रहांत मुख्यतः हीच रूपे जमा झाली. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ मात्र १९५५ पासून पुणे केंद्रावरून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाले आणि त्याच्या ५६ गीतांना अनेक कडव्यांचा विस्तार लाभला, कारण ती तबकडीसाठी नव्हे, प्रसारणासाठीच रचलेली होती.

धोरणाचा परिणामही तितकाच खोल आहे. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लागली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून त्यांना परत आणण्याचा प्रयत्न झाला. ‘आपली आवड’सारख्या फर्माईशी कार्यक्रमांमुळे पत्र पाठवणाऱ्यांना निवडीत वाटा मिळाला खरा, परंतु मागणी पुरवता येई ती संग्रहात असलेल्या गाण्यांचीच.

सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी येथील आधीची केंद्रे मध्यम लहरींवर दूरवर ऐकू येत. पुढे १९८४ मध्ये नागरकोइल येथून आकाशवाणीची स्थानिक केंद्रांची योजना आकाराला आली आणि महाराष्ट्रात बीड, सातारा, धुळे अशा ठिकाणी एफएम केंद्रे निघाली. एफएम लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत प्रवास करत असल्याने त्यांचा टापू मर्यादित, पण आवाज स्वच्छ असतो. टापू लहान झाला, तरी तबकडीवर कधीच न आलेली जात्यावरची ओवी, धनगरी ओवी किंवा भलरी, म्हणजे शेतकामाचे सामूहिक गीत, केवळ त्यामुळे संग्रहात येणार नव्हती.

२००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणाने ही उणीव भरून काढण्यास वाव दिला. संस्थांना सुमारे शंभर वॅट क्षमतेची केंद्रे चालवण्याची मुभा देताना निम्मे कार्यक्रम स्थानिक असावेत, अशी अट त्यात आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ याच धोरणाखाली उभी राहिली. म्हणूनच अशा केंद्राचे मोल ठरवताना ते जुनी गाणी किती वेळा लावते यापेक्षा, ज्यांची तबकडी निघालीच नाही अशी किती गाणी ते स्वतः ध्वनिमुद्रित करून जपते, हे पाहणे अधिक न्याय्य ठरते.