मधु दंडवते : रेल्वे खात्याकडून अर्थखात्याकडे

खासदार बॅरिस्टर नाथ पै यांचे जानेवारी १९७१ मध्ये निधन झाल्यानंतर, मालवण, कणकवली, वेंगुर्ले हा पट्टा ज्यात मोडत होता त्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने जन्माने अहमदनगरचे आणि पेशाने मुंबईत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या समाजवादी मधु दंडवते यांना दिल्लीला पाठविले, आणि १९८९ पर्यंतच्या पाचही निवडणुकांत हा कौल कायम राखला. राज्य पातळीवर त्यांच्या वाट्याला विधान परिषदेचे, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे, अल्पकाळचे सदस्यत्व तेवढे आले; आणीबाणीतील तुरुंगवासानंतर १९७७ मध्ये ते थेट केंद्रात रेल्वेमंत्री झाले.

दुसऱ्या वर्गाचा प्रवासी तोवर लाकडी फळीवर रात्र काढत असे. त्या फळीवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्याचा निर्णय दंडवते यांनी घेतला, आणि डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई–हावडा मार्गावर एकाच वर्गाची गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. समाजवादावर ग्रंथ पुष्कळ आहेत. तो रेल्वेच्या बाकापर्यंत पोहोचल्याची उदाहरणे थोडी.

कोकण रेल्वेची जुनी मागणी मात्र रेल्वेमंत्री स्वतःचा असूनही मार्गी लागली नाही, कारण आपटा–रोहा टप्प्याला मंजुरी मिळाली तरी रोह्याच्या दक्षिणेस सह्याद्रीचे फाटे आणि खाड्या ओलांडण्याचा खर्च रेल्वेच्या वार्षिक तरतुदीत मावणारा नव्हता. ही कोंडी फुटली ती १९९० मध्ये. दंडवते तेव्हा विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, आणि त्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भांडवलात रेल्वेचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा ठरला आणि उरलेली रक्कम रोख्यांतून, म्हणजे व्याजाच्या हमीवर जनतेकडून घेतलेल्या कर्जातून, उभारण्याची सोय झाली. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करणे आणि दहा हजार रुपयांपर्यंतची शेतीकर्जे माफ करणे हे त्यांच्या अर्थखात्याचे गाजलेले निर्णय. परंतु कोकणापुरते पाहिले तर महामंडळाची ही आर्थिक मांडणी त्यांहून मोलाची ठरली.

१९९१ मध्ये याच मतदारसंघाने त्यांना पराभूत केले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला, तेव्हा ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. रूळ किनाऱ्यापासून आत, कणकवली–कुडाळमार्गे गेल्याने मालवणच्या प्रवाशाला आजही तेथे उतरून पुढची वाट रस्त्यानेच धरावी लागते.