मूकपटांच्या नगरीत एक मूक यंत्र

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केल्यावर आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशकास आणला, आणि त्यानंतर या गोदातीरी त्यांचे जे चित्रपट निपजले ते मुके होते; परंतु पडदा मुका असला तरी प्रेक्षागृह मुके नसे, कारण हाताने फिरविलेल्या प्रक्षेपकाची खडखड आणि पेटी-तबल्याची साथ यांनी ते भरून गेलेले असे. आज आपल्या दिवाणखान्यात परिस्थिती नेमकी उलटली आहे. पडदा बोलतो, कुजबुजतो, पावसाचा एकेक थेंब ऐकवितो, आणि मौन पाळण्याची जबाबदारी येऊन पडते ती यंत्रावर. टीव्हीशेजारच्या संगणकाचा पंखा ऐन करुण प्रसंगी घरघरू लागला म्हणजे रसभंग कसा होतो, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. असा संगणक जुळवून घेण्यासाठी मी शहरातील दोन-तीन दुकानांच्या पायऱ्या झिजविल्या, आणि तेथे, तसेच स्नेह्यांच्या बैठकीत, जे सल्ले पदरात पडले त्यांतील बरेचसे तपासाअंती निराधार निघाले.

सर्वांत दृढमूल समज असा की, फोर-के चित्रपट दाखविणे हे मोठे काम, आणि मोठ्या कामास बलदंड प्रोसेसरच हवा. वस्तुतः संक्षिप्त करून साठविलेला चित्रपट हा मोडीत लिहिलेल्या जुन्या दप्तरासारखा असतो. कचेरीत मोडी जाणणारा एकच कारकून असला तर तो कागद हाती येताच घडाघडा वाचून दाखवितो. तो नसेल, तर शिरस्तेदारापासून शिपायापर्यंत सारी कचेरी एकेक अक्षर लावीत बसते आणि घामाघूम होते. प्रोसेसरच्या ग्राफिक्स विभागात असा एक स्वतंत्र वाचक, म्हणजे डिकोडर, बसविलेला असतो. त्यास कोणकोणत्या लिप्या अवगत आहेत, एवढाच काय तो विचारण्याजोगा प्रश्न. एच-२६४ ही जुनी लिपी आज बहुतेक सर्वांस येते. फोर-के चित्रपटांची एचईव्हीसी ही लिपी तिच्या दहा-बिटी स्वरूपात इंटेलच्या सातव्या पिढीपासून पूर्णपणे वाचता येऊ लागली, आणि यूट्यूबवर वाढत्या प्रमाणात आढळणारी एव्ही-वन ही २०२० मधील अकराव्या पिढीपासून. आता गंमत पाहा. २०२१ चा एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा सहा गाभ्यांचा, ६५ वॅट शिक्क्याचा चांगला भरभक्कम प्रोसेसर. परंतु त्याच्या डिकोडरास एव्ही-वन येत नाही, तेव्हा ते काम त्याच्या गाभ्यांनाच अंगमेहनतीने करावे लागते. उलट २०२३ चा इंटेलचा एन-१०० हा चार गाभ्यांचा, अवघ्या ६ वॅटचा किरकोळ देहाचा प्रोसेसर तीच फीत सहज वाचतो. दुकानदाराने मला आग्रहाने पुढे केलेला प्रोसेसर तर नावाच्या अखेरीस ‘एफ’ हे अक्षर मिरवणारा होता. या अक्षराचे प्रोसेसर थोडे स्वस्त पडतात, पण त्यांत ग्राफिक्स विभागच बंद केलेला असतो. म्हणजे वाचकाची जागाच कचेरीतून रद्द झालेली, आणि ती भरून काढण्यास निराळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे तर त्याबरोबर आणखी एक-दोन पंखे घरात आले.

दुसरा घोटाळा वॅटच्या आकड्याचा. खोक्यावरील टीडीपी हा आकडा लोक विजेच्या बिलासारखा वाचतात. तो मुख्यतः उष्णतेच्या बंदोबस्तासाठी दिलेला दाखला आहे. यंत्र प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी वीज घेते, आणि प्रसंगी क्षणभर पुष्कळ अधिकही. इंटेलच्या आय-थ्री १२१०० या प्रोसेसरचा आकडा ६० वॅट, आणि त्याच्याच ‘टी’ अक्षराच्या भावंडाचा ३५. परंतु या ३५ वाल्यासही निकडीच्या वेळी ६९ वॅटपर्यंत जाण्याची मुभा असते. दोघेही एकाच घडणीचे असल्याने चित्रपट चालू असताना किंवा नुसते बसून असताना त्यांच्या खर्चात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. ‘टी’ म्हणजे केवळ वरच्या टोकास घातलेला लगाम, आणि तो लगाम अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये आपणासही घालता येतो. खर्चाचा खरा हिशेब वेळेवर ठरतो. ६० वॅट घेणारे यंत्र रोज चार तास चालविले तर वर्षाकाठी ८७.६ युनिट होतात. १० वॅटचे यंत्र अष्टौप्रहर चालू ठेवले तरी बेरीज तितकीच. म्हणून सायंकाळी दोन-तीन तास चित्रपट पाहणाऱ्याने वॅटच्या चिंतेने फार कृश होऊ नये. ज्याचा संगणक रात्रंदिवस चित्रपटांचे भांडार म्हणून जागा राहणार आहे, त्याने मात्र निष्क्रिय अवस्थेतील एकेका वॅटचा जाब विचारावा.

हा जाब विचारताना मदरबोर्डास वगळणे ही तिसरी चूक होय. मदरबोर्ड म्हणजे नुसता पाट, मांडी ठोकून बसणारा प्रोसेसरच सारे ठरवितो, असे मानणाऱ्यांस २००८ सालची एक कथा सांगावीशी वाटते. इंटेलने त्या वर्षी डी९४५जीसीएलएफ नावाचा, १७ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चिमुकला मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड काढला. त्यावर जडविलेला ॲटम प्रोसेसर ४ वॅटचा, इतका थंड की त्यावर पंखाच नव्हता. परंतु शेजारची जुनी चिपसेट सुमारे २२ वॅटची, आणि पंखा होता तो तिच्या डोक्यावर. धनी निजलेला आणि चाकराची घोरघोर, असा तो प्रकार! आजच्या चिपसेट एवढ्या तापट राहिलेल्या नाहीत, तरीही भारंभार चिपा आणि दिव्यांची आरास असलेला मोठा बोर्ड साध्या बोर्डाहून बसल्या बसल्या काही वॅट अधिक खातोच. शिवाय मागील एचडीएमआय खिडकीची प्रत पाहून घ्यावी, कारण काही स्वस्त बोर्डांवर ती अद्याप १.४ ची असते. तीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० चौकटींपर्यंतच जाते. २४ चौकटींच्या चित्रपटास हे पुरेसे, पण ६० चौकटींचा क्रिकेटचा सामना लावला की अडचण उभी राहते. २.० ही प्रत लिखित तपशिलात आहे, अशी खातरजमा केल्यावाचून पैसे मोजू नयेत.

राहिला पंख्याचा प्रश्न. ‘पंखाच नको’ ही मागणी ऐकण्यास गोड आहे, आणि थंडीत, जेव्हा नाशकाची हवा दृष्ट लागण्यासारखी असते, तेव्हा ती पुरवताही येते. परंतु हीटसिंक उष्णता नाहीशी करीत नाही, खोलीच्या हवेच्या स्वाधीन करते. एप्रिलअखेर दुपारी पारा चाळिशीकडे झुकला असता, काचेची दारे लावलेल्या टीव्हीच्या कपाटात ती हवा आधीच तापलेली असते, आणि प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी वेग उतरवू लागतो. माझ्या मते १२० मिलिमीटरचा एक मोठा पंखा अतिशय मंद फिरविणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, मग वारा निम्मा झाला तरी बिघडत नाही. छोटा पंखा मात्र तितकाच वारा देण्यासाठी किंचाळतो. बायोसमध्ये पंख्याचा वेग तापमानाशी जोडण्याची सोय असते, तेथे खालची पायरी जितकी उतरविता येईल तितकी उतरवावी. एसएमपीएस ६०० वॅटचा घेतला म्हणून ६०० वॅट खर्च होतात ही भीतीही व्यर्थच. मात्र प्रचलित ८० प्लस शिक्क्याची चाचणी वीस टक्के भारापासून पुढे होते, आणि आपले २५ वॅटचे यंत्र त्या अवाढव्य पेटीवर पाच टक्केदेखील भार टाकीत नाही, तेव्हा तेथे तिची कार्यक्षमता ढासळलेली असते. लहान एसएमपीएस, किंवा लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर घेणारा बोर्ड, येथे अधिक शोभतो.

एवढे सारे जुळवून मी यंत्र सुरू केले, तेव्हा पंखा खरोखर ऐकू येईना. आणि मग त्या शांततेत प्रथमच ऐकू आली ती जुन्या हार्डडिस्कची बारीक गुणगुण, जी आजवर पंख्याच्या आड निर्धास्त लपून बसली होती. तिची बदली मी दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या खोलीत केली.