इंजिनाचे एचपी किती, चाकापर्यंत पोचतात किती?

बेटेगाव (ता. पालघर) : बोईसर-चिल्हार रस्त्याने महामार्गाला लागलं की कधीमधी एखादी जमिनीला चिकटलेली लॅम्बोर्गिनी कानठळ्या बसवत गुजरातकडे जाताना दिसते. मागे अशीच एक गाडी बघून आलेल्या पोरांची नाक्यावर पैज लागली. गाडी सहाशे एचपीची, आपला ट्रॅक्टर चाळीसचा, मग पंधरा ट्रॅक्टरचं काम ती एकटी करील की नाही? सगळे हसले. पण प्रश्न खुळचट नाही. ट्रॅक्टर घेताना आपणही असाच एक आकडा बघतो आणि कर्ज काढतो.

गंमत म्हणजे लॅम्बोर्गिनी हे नाव आधी ट्रॅक्टरचंच. इटलीतल्या फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनी यांनी 1948 मध्ये ट्रॅक्टर बनवायला घेतले. मोटारींची कंपनी 1963 ची.

आता एचपी आणि टॉर्क. चाकाचा जाम झालेला नट सुटत नाही तेव्हा आपण पान्ह्याला पाइप लावतो. हाताचा जोर तोच, पण लांबी वाढली म्हणून पीळ वाढला. हा पीळ म्हणजे टॉर्क. एक मीटर लांब पान्ह्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगलं तर साधारण 98 न्यूटन-मीटर टॉर्क होतो. एचपीत वेळही मोजला जातो. 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचललं की एक एचपी.

दोघांचा हिशेब बोटावर करता येतो. टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं आणि 7,000 ने भागायचं, एचपी मिळतात. लॅम्बोर्गिनीच्या हुराकान गाडीचा टॉर्क 6,500 फेऱ्यांना 560 न्यूटन-मीटर, म्हणजे त्या घडीला 520 एचपी. पूर्ण 610 एचपी मिळायला इंजिन 8,250 फेऱ्यांपर्यंत किंचाळावं लागतं. चाळीस एचपीचा ट्रॅक्टर 2,000 फेऱ्यांना धरला तर टॉर्क निघतो 140. गाडीच्या चौथा हिस्सा. मग नांगर ओढतो कोण?

तारापूर एमआयडीसीत काम केलेल्यांनी चेनपुली बघितली असेल. एकटा माणूस टनभराची मोटर उचलतो, पण वीतभर वर न्यायला साखळी कितीतरी हात ओढावी लागते. गिअरबॉक्स तेच करतो. फेरे कमी करतो आणि त्या पटीत टॉर्क वाढवतो. ताशी पाच किलोमीटरने चालणाऱ्या ट्रॅक्टरचं मागचं चाक मिनिटाला वीस-बावीस फेरे घेतं, म्हणजे इंजिनाच्या नव्वद-पंच्याण्णव फेऱ्यांना चाकाचा एक. 140 चा टॉर्क चाकांवर बारा-तेरा हजार होतो, थोडी घट धरूनही दहा हजारांच्या वर. गाडीच्या पहिल्या गिअरात ही पट बारा-पंधराच असते. तेरा धरली तर 560 चे सात हजार होतात. म्हणजे कागदावर चौपट टॉर्क असलेली गाडी चाकापाशी मागे. ती पळण्यासाठी बनवलेली आहे, त्यात तिचा दोष नाही.

गिअर टॉर्क वाढवतो, एचपी मात्र वाढवू शकत नाही. उलट वाटेत थोडे खातोच. दिवसभर काम झाल्यावर गिअरबॉक्सच्या घराला हात लावून बघा, चटका बसतो. आपलं डिझेल तिथेच तापून गेलेलं असतं. मोटारीत इंजिनापासून चाकापर्यंत साधारण दहा ते वीस टक्के जातात. चाकं रोलरवर फिरवून चाकावरचे एचपी मोजतात, तेव्हा आकडा माहितीपत्रकापेक्षा कमीच येतो.

ट्रॅक्टरचं याहून अवघड, कारण खाली चिखल. सुक्या टणक जमिनीत चाक दहा-पंधरा टक्के घसरलं तर चालतं. आवणीच्या चिखलात टायर नुसताच जागेवर फिरतो, एचपी सगळे घसरण्यात जातात, म्हणून आपण लोखंडी केज व्हील लावतो. ओल्या रानात ओढीसाठी इंजिनाच्या निम्मी ताकद हाती लागली तरी पुष्कळ.

रोटाव्हेटरचं गणित वेगळं. तो चाकावर नाही, पीटीओवर चालतो. पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो आणि इंजिनाच्या साधारण 85 ते 90 टक्के एचपी तिथे मिळतात. चाळीसचा ट्रॅक्टर असेल तर चौतीस ते छत्तीस. पाच फुटी रोटाव्हेटरला एवढं पुरतं. सहा फुटी लावला की घट्ट चिखलात इंजिन घुरघुरतं, धूर काळा होतो. एका विक्रेत्याने मलाही 'चाळीसला सहा फुटी आरामात' असं सांगितलं होतं. आराम फक्त त्याच्या अंगणात झाला.

इथे डिझेलचा एक गुण कामी येतो. लोड पडून फेरे कमी झाले की चांगल्या ट्रॅक्टर इंजिनाचा टॉर्क वाढतो. त्यामुळे ते जरा दबतं, पण बंद पडत नाही. याला बॅकअप टॉर्क म्हणतात. एकसारख्या एचपीच्या दोन ट्रॅक्टरांतला फरक बहुतेक वेळा इथेच जाणवतो. टपरीवर 'हा ट्रॅक्टर मरत नाही' असं म्हणतात ते यालाच.

म्हणून विचारायचं ते इंजिनाचे एचपी नव्हे, पीटीओचे. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेतही ट्रॅक्टरचे गट पीटीओ एचपीवरच पाडलेले आहेत: 8 ते 20, 20 ते 40 आणि 40 ते 70. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. तिच्या अहवालात पीटीओची ताकद, ओढ, डिझेलचा खर्च असं सगळं येतं. आपल्या मॉडेलचा अहवाल विक्रेत्याकडे मागा. मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे एचपी असेलच असं नाही. अहवालात ताकद किलोवॅटमध्ये असते, तिला 1.36 ने गुणलं की एचपी. 26 किलोवॅट दिसले तर पीटीओला 35 एचपी समजा, आणि रोटाव्हेटर पाच फुटीच बघा.