खोली, नाव आणि हसू : मराठी विनोदी चित्रपटांतील तरुण

एखादा समाज आपल्या तरुणांकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे समजून घ्यावयाचे असेल तर त्याच्या गंभीर ग्रंथांइतकेच त्याच्या विनोदाकडेही लक्ष द्यावे लागते. गंभीर लेखनात माणूस सावध असतो. हसताना तो सावध नसतो. आमचे विद्यार्थी-विद्यार्थिनी सुटीच्या दिवशी जे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतात, त्यांत विनोदी चित्रपटांचा वाटा मोठा आहे. धनंजय मानेंचा पत्ता विचारणारा तो प्रसिद्ध संवाद आमच्या भोजनगृहाच्या रांगेत रोज कोणी ना कोणी म्हणतोच. म्हणून या चित्रपटांतील तरुण कसा आहे, त्याची अडचण कोणती, आणि हसणारा कोण व ज्याच्यावर हसले जाते तो कोण, हे थोडे उलगडून पाहावे असे आम्हांस वाटले.

मराठी विनोदी चित्रपटातील तरुण प्रथम खेड्यातला होता. १९७१ साली आलेल्या ‘सोंगाड्या’मध्ये दादा कोंडके यांनी साकारलेला नाम्या भोळा आहे, आईच्या धाकात आहे आणि तमाशाच्या फडाला भुललेला आहे. हा तरुण तमाशातल्या सोंगाड्याचाच पुढचा अवतार होय. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड पाहत वाढलेल्या नांदेडच्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. बावळट दिसणारा आणि शेवटी शहाण्यांना चकविणारा हा गडी तमाशात पिढ्यान्‌पिढ्या वावरत होता. ज्या कलावंतांनी तो जिवंत ठेवला, त्यांत गावकुसाबाहेरच्या माणसांचा वाटा फार मोठा होता. परंतु रुपेरी पडद्यावर येताना त्यांची वस्ती मात्र मागेच राहिली.

‘सोंगाड्या’चे लेखक वसंत सबनीस. त्यांनीच पुढे १९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’ लिहिला. सतरा वर्षांच्या या अंतरात तरुण खेडे सोडून शहरात आला होता. मधल्या काळातील महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ (१९८५) आणि सचिन पिळगांवकर यांचा ‘गंमत जंमत’ (१९८७) पाहिले की या नव्या तरुणाचे लक्षण ध्यानात येते. त्याच्या खिशात पैसा नाही, हाताला धड काम नाही आणि समोर एक श्रीमंत वडीलधारा माणूस उभा आहे. त्याला फसविल्याशिवाय नोकरी नाही, प्रेयसी नाही, घर नाही. एका चित्रपटात खोटा श्रीमंत बाप उभा केला जातो, तर दुसऱ्यात थेट मुलीचे अपहरणच होते. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९८२ चा संप नुकताच होऊन गेला होता आणि बेकारी हा घराघरांतील विषय होता. त्या बेकारीचे दुःख या चित्रपटांनी दाखविले नाही. तिच्यातून निघणाऱ्या युक्त्या मात्र दाखविल्या. गंमत अशी की हे तरुण साकारणारे नट फारसे तरुण नव्हते. ‘बनवाबनवी’च्या वेळी अशोक सराफ चाळिशी ओलांडलेले होते, लक्ष्मीकांत बेर्डे तेहतिशीच्या पुढे गेले होते. प्रेक्षकांना त्याचे काही वाटले नाही, कारण तारुण्य म्हणजे वय नव्हे तर उधारी, अशीच त्या चित्रपटांची व्याख्या होती.

‘बनवाबनवी’ची कथा सर्वांस ठाऊक आहे. ती मुळात हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावर आधारलेली. पण सबनीसांच्या लेखणीने ती इतकी पुण्याची झाली की मूळ चित्रपट आज कोणाच्या फारसा स्मरणात नाही. चार मित्रांना राहायला जागा हवी आहे. घरमालकीण एकट्या पुरुषांना खोली देत नाही. विवाहित जोडपी तिला चालतात. मग सुधीरची सुधा होते, परश्याची पार्वती होते आणि पुढचा सारा गोंधळ घडतो. हा विनोद आजही ताजा वाटतो याचे कारण नटांचे कौशल्य आहेच, परंतु दुसरे कारण त्याच्या मुळाशी असलेली खरी अडचण हे आहे. परगावी खोली शोधणे हा तरुणपणीचा पहिला मोठा अपमान असतो.

लातूर आणि नांदेड येथे तर ही अडचण दरवर्षी जून महिन्यात रस्त्यावर दिसते. ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाल्यापासून कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर, उदगीर, जळकोट अशा तालुक्यांतून दहावी झालेली मुले अकरावी-बारावीसाठी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठी या शहरांत येतात. पाठीवर पिशवी, हातात गुंडाळलेली गादी, सोबत धोतर नेसलेले आजोबा किंवा कामाचा खाडा करून आलेली आई. घरमालक प्रथम नाव विचारतो, मग आडनाव, मग गाव, आणि एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर गावात घर कोणत्या बाजूला आहे ते. उत्तर मिळाल्यावर ‘खोली कालच दिली’ असे ऐकण्याचा प्रसंग आमच्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांवर आला आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाच्या खर्चासाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू झाली, तिचा उपयोग मोठा आहे. पण पैसे बँकेच्या खात्यात आले तरी दार माणसालाच उघडावे लागते.

येथे आम्हांस दुसरी एक बनवाबनवी आठवते. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले तरुण भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. त्या शहरात त्यांना कोणी जागा देईना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात उभे राहिले आणि त्यांना जागा सोडावी लागली. मुंबईची गाडी मिळेपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नावच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. त्यातील शीर्षककथेचा नायकही परमुलखात रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण आहे, आणि जात उघड झाल्यावर तो मार खातो. वेषांतर तेच, खोलीही तीच. एका ठिकाणी बिंग फुटते तेव्हा सारे प्रेक्षागृह हसते आणि घरमालकीण अखेर सर्वांना पदरात घेते. दुसऱ्या ठिकाणी बिंग फुटते तेव्हा काठ्या निघतात. ‘बनवाबनवी’वर हा आरोप नाही. तो निर्मळ चित्रपट आहे आणि आम्हीही तो पाहून मनसोक्त हसतो. एवढेच म्हणावयाचे आहे की पातळ नेसून खोली मिळविणाऱ्या चौघांना आडनाव विचारले गेले असते तरी त्यांचे काही अडले नसते. माने हे नाव त्यांनी एकदाही लपविले नाही.

वेषांतराचा हा काळ पुढे संपला आणि शाळकरी वयाकडे चित्रपटांचे लक्ष गेले. त्यात लातूरचाही हात आहे. बाभळगावच्या देशमुख घराण्यातील रितेश देशमुख यांनी निर्माते म्हणून रवी जाधव दिग्दर्शित ‘बालक-पालक’ (२०१३) आणला. वयात येणाऱ्या मुलांचे कुतूहल आणि त्यावर घरातील मोठ्यांचे मौन हा त्याचा विषय. चाळीतील मुले व्हिडिओ कॅसेट मिळवतात आणि अर्धवट ज्ञानाने गोंधळतात. हसता हसता हा चित्रपट पालकांना दोष देतो, आणि आमच्या मते योग्यच देतो. निवासी शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा. त्यानंतर वसतिगृहात घडणारा ‘बॉईज’ (२०१७) आला. त्यातील मुलांचा धांगडधिंगा आमच्या मुलांना फार आवडतो, पण पहाटे उठून आवार झाडणे आणि कपडे स्वतः धुणे या गोष्टी त्या वसतिगृहाच्या वाट्याला फारशा आलेल्या नाहीत, अशी त्यांचीच तक्रार आहे.

‘बालक-पालक’मध्ये विशूचे काम करणारा प्रथमेश परब जानेवारी २०१४ मध्ये ‘टाइमपास’चा दगडू झाला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १४ फेब्रुवारीला, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. दोन्ही चित्रपट एकाच मोसमात लागले आणि दोहोंची कथा एका वाक्यात सांगू गेल्यास ती एकच होते : खालच्या घरातील मुलगा वरच्या घरातील मुलीच्या प्रेमात पडतो. ‘फँड्री’ हा विनोदी चित्रपट नव्हे. तरीही विनोदाविषयी तो जेवढे शिकवितो तेवढे क्वचितच कोणी शिकवीत असेल.

दगडू रिक्षावाल्याचा मुलगा, दहावी नापास. प्राजक्ता लेल्यांच्या घरातली. तिच्या करारी वडिलांना दगडू आणि त्याचे मित्र ‘शाकाल’ असे नाव ठेवतात. येथे गरीब मुलाला नाव ठेवण्याचा हक्क मिळालेला आहे. त्याच्या तोंडाळपणावर प्रेक्षक हसतात, पण त्याच्या बाजूने हसतात. लेले त्याचा अपमान करतात तेव्हा प्रेक्षकांना राग लेल्यांचा येतो. ‘फँड्री’तील जब्या कैकाडी समाजाचा. त्यालाही शालू आवडते, तोही नव्या जीन्स पँटचे स्वप्न पाहतो, तोही काळ्या चिमणीची राख मिळाली की काम होईल असे मानतो. पण त्याला नाव ठेवण्याचा हक्क नाही. गाव त्याला नाव ठेवते. फँड्री म्हणजे त्याच्याच भाषेत डुक्कर. अखेरीस सारे कुटुंब डुकराच्या मागे धावते आणि गावातील तरुण क्रिकेटचा सामना पाहावा तसे ते पाहून हसतात. त्या हसणाऱ्यांचे वयही जब्याच्या आगेमागेच आहे. युवा संस्कृती म्हणून जी मोबाईल, क्रिकेट, टिंगल यांची दुनिया दाखविली जाते, ती येथेही आहे. फक्त कॅमेरा पलीकडच्या बाजूला जाऊन उभा आहे. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. आमच्या शाळेत हा चित्रपट दाखविला तेव्हा पाठलागाच्या प्रसंगी प्रथम काही मुले हसली, आणि मग एकेक करून गप्प झाली. त्यावर आम्ही काही बोललो नाही. बोलण्याची गरज नव्हती.

‘सैराट’ (२०१६) या दोन टोकांना जोडतो. त्याचा पूर्वार्ध खरोखरच खेळकर आहे. विहिरीतील उड्या, चिठ्ठ्या, सल्या आणि लंगड्या हे मित्र, बुलेट आणि ट्रॅक्टर चालविणारी आर्ची. आमच्या विद्यार्थिनींना आर्ची आवडते याचे नवल नाही, कारण तोवरच्या बहुतेक विनोदी चित्रपटांत मुलगी ही मिळविण्याची वस्तू होती. विनोद मुलांनी करायचे आणि मुलीने शेवटी लाजायचे, असा प्रघातच होता. ‘बनवाबनवी’त स्वतःचा धंदा चालविणारी माधुरी होती खरी, पण हशा तिच्या वाट्याला थोडाच आला. मुलगी स्वतः थट्टा करते आणि मुलगा गोंधळतो, हे दृश्य अजूनही विरळच आहे.

आता भाषेविषयी. आमच्याकडचा मुलगा ‘काय करलालास’ म्हणाला की पुण्या-मुंबईचा प्रेक्षक वाक्य पूर्ण होण्याआधीच हसतो. बोलीलाच विनोद मानण्याची ही सवय चित्रपटांनी व दूरचित्रवाणीने लावली. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी बोली सोबत्याच्या किंवा गड्याच्या तोंडून काढून नायकाच्या तोंडी दिली, हे त्यांचे ऋण मान्यच करावे लागेल. तथापि, त्या बोलीत कोणी शरीरशास्त्राचा धडा पाठ करतो आहे, पोलीस भरतीसाठी पहाटे महामार्गाच्या कडेने धावतो आहे, किंवा खानावळीच्या डब्यातील तीच ती पातळ आमटी पाहून मित्राला टोमणा मारतो आहे, असा चित्रपट आम्ही अद्याप पाहिलेला नाही. वस्तुतः विनोदाला इतकी सुपीक जमीन दुसरी नसेल. सहा मुलांच्या खोलीत एकच पंखा असतो, आणि तो कोणाकडे फिरवायचा यावरून जे राजकारण चालते त्यावर तीन अंकी नाटक होईल.

गेल्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांनी स्वतःच लिहिलेली एक नाटिका सादर केली. तिच्यातील मुलगा लातुरात खोली शोधत फिरतो आणि दर दारी नवे आडनाव सांगतो. चौथ्या घरापर्यंत आधी कोणते सांगितले हेच तो विसरतो. पाचव्या घरी मालक फार खोदून चौकशी करतो, मुलगा घामाघूम होतो, तेवढ्यात आतून मालकाची म्हातारी आई येऊन सहज ‘जय भीम’ म्हणते, आणि दारावरची पाटीही खोटीच असल्याचे उघड होते. दोघेही क्षणभर एकमेकांकडे पाहत राहतात. मग मालक घसा खाकरून विचारतो, “मंग, भाडं कवा द्यायलास?”